डोंगरातलं घर वणव्यापासून कसं राखायचं: डिसेंबर ते जून

आमची वाडी भोर तालुक्यात, हिरडस मावळात. जून ते सप्टेंबर इथे पाऊस असा कोसळतो की वाळत घातलेलं धोतर आठ-आठ दिवस दमट राहतं. आणि एप्रिल लागला की त्याच वाडीतल्या बाया झऱ्यावर वाटीवाटीनं हंडा भरत बसतात. काळा कातळ पाणी धरत नाही, पडलेलं सगळं खाली धरणात जातं. 2023 साली पावसानं ओढ दिली तेव्हा सरकारनं 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. आमच्या पुणे जिल्ह्यातले पुरंदर, बारामती, इंदापूर त्या यादीत होते, भोर नव्हता. कागदावर आमच्याकडे पाऊस उदंड. पण घाटमाथ्याचा दुष्काळ गवतावर वाचावा लागतो. परतीचा पाऊस चुकला की दिवाळीनंतर पिवळं पडणारं गवत दसऱ्यालाच पिवळं पडतं, आणि वणव्याचा हंगाम महिनाभर अलीकडे सरकतो.

मी लहानपणापासून वणवे झोडपलेत. त्यातून एक गोष्ट पक्की कळली ती आधीच सांगतो: मार्चमध्ये पेटलेला वणवा विझवणं फार थोड्या वेळा माणसाच्या हातात असतं. डिसेंबरात विळ्यानं कापलेलं गवत मात्र पूर्णपणे आपल्या हातात असतं. म्हणून या लेखाचा मोठा भाग आग लागण्याआधीच्या कामाचा आहे.

आग येते कुठून, ते वाडीनं एकत्र बसून ठरवा

सह्याद्रीत विजेनं वणवा लागत नाही म्हटलं तरी चालेल. गवत वाळतं तेव्हा आभाळ कोरडं असतं, आणि विजा येतात त्या वळवाच्या पावसासोबत. म्हणजे वणवा माणसाच्या हातूनच लागतो. भाताच्या रोपांसाठी राब भाजताना, म्हणजे रोपाच्या जागेवर पालापाचोळा पसरून जाळताना, वारा सुटतो आणि आग बांध ओलांडते. कुणी घाटरस्त्यावर बिडी टाकतं. कुणी पोळं काढायला पेटवलेली चूड तशीच टाकून येतं. गडावर मुक्कामाला आलेली पोरं चुलीतला विस्तव मातीनं न झाकता निघून जातात. विजेच्या लोंबत्या तारा एकमेकींना घासल्या तरी ठिणगी पडते.

आणि एक जुनी समजूत: गवत जाळलं की पुढच्या वर्षी दाट येतं. जळालेल्या जागी राखेवर कोवळी हिरवळ लवकर दिसते, म्हणून ती समजूत टिकून आहे. पण वर्षानुवर्षं जाळलेल्या डोंगरावर पवन्या, शेडा ही गुरांच्या आवडीची गवतं मागे पडतात आणि कुसळी माजते. हे म्हाताऱ्या गुराख्यांना विचारा, ते स्वतः सांगतील. वाडीच्या बैठकीत वनरक्षकाच्या भाषणापेक्षा त्यांचं बोलणं जास्त ऐकलं जातं.

नोव्हेंबरात एक संध्याकाळ काढा. देवळात बसून जमिनीवर खडूनं वाडीचा नकाशा काढा: घरं, गोठे, गंज्या, झरा, पाइपलाइन, राबाची शेतं, गाडीरस्ता. गेल्या पाच वर्षांत आग कुठून आली त्या जागांवर खडा ठेवा. बहुतेक वाड्यांत दोन-तीनच जागांवर खड्यांचा ढीग होतो. कामाची सुरुवात तिथून.

राब भाजणाऱ्यांशी वाद घालून उपयोग नाही, ते त्यांचं भाताचं गणित आहे. नियम ठरवा: राब सकाळी दहाच्या आत, वारा पडलेला असताना, भोवती चार हात जमीन कुदळून, शेजाऱ्याला सांगून आणि किमान तीन माणसं उभी करूनच पेटवायचा. पेटवल्यावर विस्तव पूर्ण विझेपर्यंत शेत सोडायचं नाही.

उतार वाचायला शिका

हा भाग नीट वाचा, कारण माणसं मरतात ती इथेच चुकून.

आग चढावर धावते. ज्वाळा वर झुकतात, वरचं गवत तापवून वाळवतात आणि पोचायच्या आधीच ते पेटायला तयार करून ठेवतात. ठोकताळा असा की उतार दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग दुपटीच्या आसपास जातो. म्हणजे पठारावर चालत चुकवता येणारी आग वीस अंशांच्या उतारावर चौपट वेगानं येते. तिथे माणूस धापा टाकत चढत असतो आणि आग पळत असते. ही शर्यत कुणीही जिंकत नाही.

त्यावर वाऱ्याचं गणित. दिवसा तापलेल्या उतारावरून वारा वर चढतो, रात्री थंड वारा खाली उतरतो. कोकणाच्या बाजूला दुपारी खारा वारा समुद्राकडून येऊन कड्यांना भिडतो. त्यामुळे दुपारी बारा ते चार ही सगळ्यात वाईट वेळ, आणि पहाट सगळ्यात चांगली.

तिसरी गोष्ट घळ. दोन सोंडांमधली अरुंद घळ म्हणजे चुलीचं धुराडं. खाली आग लागली की घळीतून ती एका दमात माथ्यावर जाते. 11 मार्च 2018 ला तमिळनाडूतल्या थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात ट्रेकिंगला गेलेली माणसं गवताळ उतारावर वणव्यात सापडली आणि 20 हून अधिक जण दगावले. जून 2024 मध्ये उत्तराखंडच्या बिनसर अभयारण्यात आग विझवायला गेलेले वनखात्याचेच 4 जण जागीच गेले. ती तर कामाची माणसं होती. तेव्हा आगीच्या वर उभं राहायचं नाही, घळीत शिरायचं नाही, आणि पळायचं तर आडवं किंवा जळून गेलेल्या काळ्या जमिनीत. पोरांना हे शाळेतल्या पाढ्यासारखं पाठ करून घ्या.

आपलं घर उतारावर कुठे आहे तेही बघा. सोंडेच्या टोकावरचं आणि घळीच्या तोंडावरचं घर सगळ्यात धोक्याचं. अशा घरांचं गवत वाडीनं आधी कापायचं, मग बाकीच्यांचं.

घराभोवतीची तीन कडी

घर बहुतेक वेळा ज्वाळेनं पेटत नाही. वाऱ्याबरोबर आलेली ठिणगी पाचोळ्यात, पेंढ्यात, फाटक्या गोणपाटात पडते आणि तासाभरानं, सगळे डोंगरावर गेलेले असताना, घर पेटतं.

पहिलं कडं भिंतीपासून पाच फुटांचं. इथे जळण्यासारखं काहीही नको. शेणानं सारवलेलं अंगण किंवा नुसती माती, मुरूम, दगड. बहुतेक घरांत नेमकं इथेच सगळं रचलेलं असतं: पडवीला टेकवलेला सरपणाचा ढीग, भिंतीवर थापलेल्या गोवऱ्या, खताच्या रिकाम्या गोण्या, तुटलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या. फेब्रुवारी ते जून हे सगळं हलवायचं. लांब जाऊन सरपण आणायचा त्रास बायकांना होतो, मला माहीत आहे. म्हणून दोन दिवसांपुरतं घरात घ्या आणि मुख्य ढीग तीस फुटांपलीकडे रचा, शक्यतो घराच्या आडव्या अंगाला, उताराच्या खालच्या अंगाला कधीच नाही.

दुसरं कडं तीस फुटांचं. गवत चार बोटांपेक्षा उंच नको. आंबा, फणस, जांभळाच्या खालच्या फांद्या डोक्याच्या उंचीपर्यंत छाटा, म्हणजे गवतातली आग झाडावर चढणार नाही. पाचोळा दर आठवड्याला लोटून खड्ड्यात टाका, जाळू नका. त्याचंच खत होतं. तुळस, अळू, केळी, मोरीच्या पाण्यावरची भाजी खुशाल ठेवा. ओली पानं उलट मदतच करतात.

तिसरं कडं शंभर फुटांपर्यंतचं, आणि घराच्या खालच्या अंगाला उतार तीव्र असेल तर त्याच्या दुप्पट. इथे सगळं साफ करायची गरज नाही. गवत सलग राहू नये, मध्ये मध्ये मोकळे पट्टे असावेत, एवढं पुरे. जानेवारीत गुरं इथे चारा. गुरांसारखं गवत कापणारं यंत्र नाही.

गवताची गंजी हा वेगळा विषय. वर्षाचा चारा एकाच गंजीत रचू नका. दोन किंवा तीन करा, एकमेकींपासून आणि गोठ्यापासून लांब, आणि प्रत्येकीभोवती सहा-सात हातांचा नांगरलेला किंवा खुरपलेला गोल ठेवा. आमच्या चुलत्यांची एकुलती गंजी एका दुपारी गेली, आणि पुढचे तीन महिने त्यांनी चारा विकत आणला. त्यात पावसाळ्याआधी बैल विकावा लागला.

छप्पर, कूड आणि काळा पाइप

कौलारू घर असेल तर जानेवारीत छपरावर चढा. सरकलेली कौलं बसवा, वळचणीतली पाखरांची घरटी आणि कौलांखालचा पाचोळा काढा. माळ्यावर पेंढा ठेवत असाल तर उन्हाळ्यापुरता तो खाली आणा. फुटलेल्या कौलातून एक ठिणगी माळ्यावर गेली की घर आतून पेटतं, ते बाहेरून विझवता येत नाही. केंबळाचं, म्हणजे गवताचं छप्पर असलेला गोठा घराला चिकटून असेल तर किमान मधल्या भागावर पत्रा टाका.

कारवीचा कूड, म्हणजे कारवी या झुडपाच्या काठ्यांची भिंत, शेणमातीनं नीट लिंपलेला असला की तो आगीला बराच वेळ दाद देत नाही. पण उन्हानं लिंपण तडकतं, खालच्या कोपऱ्यात कोंबड्या माती उकरतात आणि आतली कारवी उघडी पडते. हातानं चाचपून बघा: बोट आत जाईल अशी भेग म्हणजे ठिणगीची वाट. शिमग्याच्या आधी एकदा सगळं घर लिंपून घ्या. कारवी दर सात वर्षांनी फुलते, बी पडलं की झुडपं एकदम वाळतात आणि अख्खा उतार कोरड्या काठ्यांनी भरतो. त्या बहरानंतरच्या दोन उन्हाळ्यांत तिसरं कडं आणखी वाढवा.

आणि तो काळा पाइप. झऱ्यापासून वाडीपर्यंत उतारानं आणलेली ही पाइपलाइन बहुतेक ठिकाणी गवतातून उघडी टाकलेली असते. वणवा तिच्यावरून एकदा गेला की पाइप मेणासारखा वितळतो, आणि आग विझल्यावर प्यायलाही पाणी राहत नाही. पावसाळ्यानंतर जमीन मऊ असतानाच तो वीतभर खोल पुरा. कातळावर पुरता येत नसेल तर दगड-मातीनं झाका आणि दोन्ही बाजूंचं गवत काढा. हे काम कुणी करत नाही, आणि दुष्काळात सगळ्यात जास्त नडतं ते हेच.

जाळरेषा

वनखातं आपल्या हद्दीत जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा मोकळा पट्टा, काढतं. मालकी जमिनीत आणि वाडीभोवती ती आपल्याला काढावी लागते. वनाच्या हद्दीत स्वतःच्या मनानं काही जाळू नका. भारतीय वन अधिनियम 1927 च्या कलम 26 खाली राखीव वनात आग लावणं गुन्हा आहे. वनरक्षकाला बरोबर घ्या, संयुक्त वन व्यवस्थापन समिती असेल तर तिच्यातून मजुरीही मिळू शकते.

पट्टा पंधरा ते वीस फूट रुंद, डोंगराच्या बाजूनं वाडीला कवटाळणारा. पायवाट, बांध, ओढा, कातळ यांना जोडत न्या, म्हणजे कष्ट अर्धे होतात. गवत कापून बाजूला न्या, तिथेच पाडून ठेवलेलं कापीव गवत उभ्या गवताइतकंच जळतं. मग दाताळ्यानं मातीपर्यंत खरवडा. पट्टा जाळूनच काढायचा असेल तर आधी दोन्ही कडा सोलून घ्या, दंव असताना पहाटे, डिसेंबर-जानेवारीत पेटवा, आणि वरच्या कडेनं पेटवून आग खाली उतरू द्या. खालून पेटवलेली आग हातात राहत नाही.

होळीनंतर पुन्हा एकदा पट्टा झाडायला जा. पानगळीनं तो भरलेला असतो. डिसेंबरात काढलेली आणि मार्चमध्ये पाचोळ्यानं झाकलेली जाळरेषा म्हणजे नुसता दिलासा.

पाणी टँकरचं असताना

प्यायचं पाणी आगीवर ओतायला मन होत नाही, आणि ओतूही नये. वणवा मुळात माती, डहाळी आणि मोकळ्या पट्ट्यानं थांबतो. पाणी फक्त ठिणग्यांसाठी आणि धुमसणाऱ्या ओंडक्यांसाठी. आंब्यावर फवारायचा पाठीवरचा पंप प्रत्येकाकडे असतो. तो नीट धुऊन, साध्या पाण्यानं भरून उन्हाळाभर पडवीत ठेवा, आणि त्यावर रंगानं ‘पाणी’ असं लिहा. सोळा लिटरमध्ये छपरावरच्या कितीतरी ठिणग्या विझतात. सोबत भांड्या-धुण्याच्या पाण्याचं एक पिंप झाकून ठेवा, ओली गोणपाटं त्यात बुडवून ठेवता येतात. अंगणात मातीचा ढीग आणि दोन फावडी.

निरोप आणि पहारा

वनखात्याचा टोल फ्री नंबर 1926, अग्निशमन 101, रुग्णवाहिका 108, आणि काहीच आठवलं नाही तर 112. हे चार नंबर आणि वनरक्षकाचा मोबाइल दाराच्या आतल्या बाजूला खडूनं लिहा. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या ‘वन अग्नी’ पोर्टलवर मोबाइल नंबर नोंदवला तर उपग्रहाला आग दिसल्यावर एसएमएस येतो. वाडीतल्या एका-दोघांनी नोंदवावाच. पण उपग्रह दिवसातून मोजक्या वेळा वरून जातो. छोटी आग त्याच्या आधी आपल्या डोळ्यांना दिसते, म्हणून फेब्रुवारी ते मे दुपारी एक माणूस उंचवट्यावर पाहिजे. रेंज नसेल तिथे देवळाची घंटा. सलग घंटा वाजली की वणवा, हे ठरलेलं असू दे.

आग दिसली, आता

आधी घंटा, मग 1926, मग माणसं मोजा. म्हातारे, लहान पोरं, गरोदर बाया, दमेकरी यांना ताबडतोब, धूर वाडीत यायच्या आधी, ठरलेल्या जागी हलवा. ती जागा म्हणजे नांगरलेलं शेत, नदीचं पात्र, स्लॅबची शाळा किंवा दगडी देऊळ. एक पिशवी आधीच भरलेली हवी: सातबारा, रेशनकार्ड, आधार, पासबुक, औषधं, बॅटरी, पाणी.

गुरांची दावी सोडा. सुटत नसतील तर कापा. गोठ्याचं दार उघडून बांधून ठेवा, कारण घाबरलेली गुरं परत आत शिरतात.

अंगावर सुती कपडे. नायलॉन आणि पॉलिस्टर आगीच्या झळीनं वितळून कातडीला चिकटतं. घोंगडी बरोबर घ्या, लोकर सहजासहजी पेटत नाही आणि वितळत तर नाहीच. पायात बूट, चप्पल नको.

विझवायला जाणारे किमान पाच जण, त्यातला एक फक्त वारा आणि आग बघणारा. तो हातात डहाळी धरणार नाही. आगीच्या तोंडासमोर जायचं नाही. शेपटीकडून, जळालेल्या बाजूनं सुरुवात करा, एक पाय कायम काळ्या जमिनीत ठेवा आणि दोन्ही कडांनी पुढे सरकत आग अरुंद करा. निरगुडीची ओली डहाळी उंच उगारून आपटू नका, तशानं ठिणग्या उडतात. दाबून, आगीच्या दिशेनं ओढत मारा. ज्वाळा छातीच्या वर गेल्या की झोडपणं थांबवा आणि मागच्या जाळरेषेवर या. समोरून उलटी आग लावायची कल्पना कुणीतरी काढतंच, ती फक्त वनखात्याच्या अनुभवी माणसानं सांगितली तरच.

अडकलात तर काळ्या जमिनीत शिरा. ती नसेल तर उघडा कातळ किंवा खळगा, पाय आगीकडे, तोंड जमिनीला, अंगावर घोंगडी. गवताची आग एका जागेवर फार वेळ थांबत नाही. राखलेल्या पक्क्या घरात दारं-खिडक्या लावून बसणं हे गवतातून पळण्यापेक्षा बरं.

धूर आणि भाजणं

ओलं फडकं तोंडाला बांधून घसा बरा वाटतो, पण बारीक कण त्यातून आत जातात. दमेकऱ्यांसाठी एन-95 मास्क घरात ठेवा. धूर साचलेल्या दिवसात चूल कमी पेटवा, एका खोलीच्या फटी कापडानं बुजवून पोरांना तिथे झोपवा.

भाजलं तर त्या जागेवर वीस मिनिटं साधं पाणी सोडा. इथे पिण्याचं पाणी वापरायला अजिबात मागेपुढे बघू नका. हळद, टूथपेस्ट, शाई, बर्फ यातलं काही नको. फोड फोडू नका, स्वच्छ सुती कापड सैल गुंडाळा आणि 108 ला फोन करा. तोंडाभोवती भाजलं असेल किंवा आवाज घोगरा झाला असेल तर माणूस बोलत-चालत असला तरी दवाखान्यात न्यायचाच.

विझल्यावर

दोन रात्री पहारा ठेवा. कडेनं फिरून हाताच्या मागच्या बाजूनं ऊब बघा. ओंडके, वारुळं, आणि सगळ्यात फसवं म्हणजे रानात पडलेला सुका शेणपो: वरून राखेसारखा करडा, आत लालबुंद. तो तासनतास तसाच धुमसतो, आणि पायाचा धक्का लागून उतारावरून गडगडला की खालच्या न जळलेल्या बाजूला नवी आग लावतो. पालथा करा, फोडा, मातीत मिसळा.

घर, गोठा, आंबा-काजूची झाडं किंवा जनावर गेलं असेल तर काहीही आवरायच्या आधी फोटो काढा आणि तलाठ्याला पंचनाम्यासाठी लेखी अर्ज द्या. अर्जाची पोच घ्या. जनावर गेलं असेल तर पशुवैद्यकाचा दाखलाही लागतो.

जळालेल्या उतारावर पहिल्या पावसात माती टिकत नाही. मे महिन्यात जळके ओंडके उताराला आडवे टाकून दगडांनी अडवा, त्यांच्यामागे माती आणि बी दोन्ही थांबतं. आणि जूनचं गवत उगवायच्या आत अजून एक काम: आग नेमकी जिथे थांबली तिथल्या दगडांना चुना मारून ठेवा. पावसाळ्यात सगळं हिरवं झालं की ती जागा कुणालाच आठवत नाही. डिसेंबरात विळा घेऊन गेलात की पांढरे दगड शोधा आणि तिथून कापायला लागा.